दहा मिनिटं, पगारी

साडेतीनला भोंगा होतो, पट्टा थांबतो.
पट्टा थांबला की आधी कान दचकतात.
मग आम्ही एकोणतीस बाया
टेबलापासून दोन पावलं मागे सरकतो
आणि हात वर करतो,
पोलिसांनी धाड घातल्यासारखे.

संक्रांतीनंतर सुरू झालं हे.
जालन्याच्या एमआयडीसीत, बियाण्याच्या कारखान्यात
पुण्याहून एक पोरगी आली, केतकी नावाची.
पांढरे बूट, गळ्यात शिट्टी.
म्हणाली, मान वळवा, कान खांद्याला लावा.
वच्छलाबाई म्हणाली, "कामून?
खांद्याला काही सांगायचं हाय का कानात?"
हसण्यातच पहिली दहा मिनिटं गेली.
पदर कुठं खोचायचा, ह्यात चार दिवस.
काचेपलीकडे लॅबमधली माणसं बसायची,
वाकायचं म्हटलं की आम्ही भिंतीकडे तोंड करायचो.

मी माझ्यापुरतं सांगते.
सोळा वर्षं कपाशीचं बी पाकिटात भरतेय,
चारशे पंच्याहत्तर ग्रॅम,
काटा हलला तर पाकीट परत.
बियाण्याचा लाल रंग
रात्री भाकरी थापताना बोटांच्या रेषांत सापडतो.
उजवा खांदा दोन वर्षं वर जातच नव्हता.
वेणी एका हाताने, वरच्या फळीवरचा डबा पोराला सांगून.
बोलले नाही कुणाला.
खांदा काय, दुखतोच.
होळीच्या आसपास एका सकाळी
हात आपसूक वर गेला
आणि डबा घेऊन खाली आला.
मी बघतच राहिले,
दुसऱ्या कुणी काढून दिल्यासारखी.
डब्यात गूळ होता. मुंग्या लागलेला.

झालं ते चांगलंच झालं.
मग चैत्रात ऑफिसाबाहेर तक्ता लागला:
व्यायामाआधी तासाला पाकिटं किती,
व्यायामानंतर किती.
हिरवी रेघ, जिना चढल्यासारखी.
साहेबांनी पेढे वाटले आणि वाटता वाटताच सांगितलं,
सोमवारपासून एकशे दहाचे एकशे अठरा.
"आता अंगात ताकद आली ना तुमच्या!"
वच्छलाबाईनं अर्धा खाल्लेला पेढा
कागदात परत बांधला.

त्या दिवशी व्यायाम केला आम्ही,
पण हात खांद्याच्या वर
कुणीच नेले नाहीत.

गोदामाच्या दारात हमाल असतात, ठेकेदाराचे.
त्यांची नावं यादीत नाहीत,
त्यांच्यासाठी भोंगा नाही.
पाठीवर पोतं घेऊन येता-जाता थबकतात, बघतात.
एकदा केतकी आम्हाला शिकवत होती,
गुडघे वाकवा, पाठ सरळ, भार मांड्यांवर,
तर मुनीरभाई दारातूनच बोलला,
"ताई, ये तो हम सुबे से कर रै."
ह्यावर कुणी हसलं नाही.
केतकीनं वहीत काहीतरी लिहिलं, पुन्हा खोडलं.
वैशाखात ती यायची बंद झाली.
बदली झाली, की कंपनीचं काम भागलं, कोण जाणे.
शिट्टी तेवढी टेबलाच्या खिळ्याला राहिली.

आता पाळी लावलीय. रोज एक बाई पुढे.
आज माझी होती.
शिट्टीला अजून कसल्यातरी लिपस्टिकचा वास.
फुंकली.
मानेचं झालं, मनगटाचं झालं,
आणि भिंतीकडे वळायच्या जागी
मी गोदामाकडे तोंड केलं.
म्हणाले, "मुनीरभाई, पोतं खाली ठेवा."
त्यानं ठेकेदार कुठंय ते पाहिलं.
मग माझ्याकडे.
मग पोतं टेकवलं, बियाण्याची धूळ उडाली.

व्यायाम नाही केला त्यानं.
पोत्यावर बसला फक्त,
हात मांडीवर उताणे टाकून.

अजून सहा मिनिटं उरली होती.