नुक्ता

सित्र्याच्या गॅरेजमागे, टायरांच्या ढिगाला टेकून
उम्म ग़ानिमची कॅराव्हॅन विटांवर उभी आहे.
थंडी पडली की ती साखीरच्या वाळूत जाईल.
तोवर माझ्या हाती तीन दिवस, अठरा दिनार
आणि गंज.

गंज आधी दिसत नाही.
रंगाला फोड येतो, निखाऱ्यावरच्या पापडाला यावा तसा.
नखाने दाबला की फुटतो,
आत तांबूस भुकटी, नाचणीच्या पिठासारखी.
दांडीवर सात, चाकाच्या कमानीवर चार,
सिलिंडरच्या कड्याखाली दहा, दाटीने.

इथली रात्र खारट घाम गाळते;
पहाटे पत्र्यावर बोट फिरवून जिभेला लावून बघा.
म्हणून दहाच्या आधी डबा उघडायचा नाही,
हे प्रभाकरनने शिकवलं पहिल्या वर्षी,
आणि हेही, की रोग बोटभर
तर घासायचं तळहातभर.

ऐंशीचा कागद, मग एकशेवीस, मग पाण्यात दोनशेचाळीस.
कड अशी उतरावी
की डोळे मिटून हात फिरवला
तर जुना रंग कुठे संपला ते कळू नये.
नवा पांढरा इथे चालत नाही.
हा पांढरा चौदा उन्हाळ्यांनी शिजवलाय.
चमच्याच्या टोकावर पिवळा, काळ्याचा एक थेंब,
पुठ्ठ्यावर ओढायचा, वाळू द्यायचा, पत्र्याशी धरायचा.
पुन्हा.
ओला रंग खोटं बोलतो.

सातवा डाग दांडीच्या पोटाशी होता.
उताणा झोपून पाहिलं तर खिळ्याने कोरलेली अक्षरं.
म्हसळ्याच्या मक्तबात छडी खाऊन शिकलेली:
ऐन, अलिफ, नून, मीम.
असं नाव नसतं.
पोराने नूनला टिंब दिलं, पहिल्या अक्षराचं विसरला.
आणि तिथेच, ऐनच्या डोक्यावर,
मिरीएवढा गंज.
ऐनचा ग़ैन झालेला.

आमच्याकडे गनीम म्हणजे शत्रू.
इथे हे नाव पोराला ठेवतात:
लूट घेऊन घरी परतणारा.

संध्याकाळी ती आली, फोनचा उजेड धरून वाकली.
"हे घासू नकोस."
माझ्या मोडक्या अरबीत मी म्हटलं,
बाई, हा डाग थांबणार नाही. पुढच्या थंडीत अलिफ खाईल,
मग नून.
"पुसल्याशिवाय थांबवता येईल?"
बघतो म्हणालो.
पोराचं तिने काही सांगितलं नाही. मी विचारलं नाही.
आत झोपायच्या फळ्या चार आहेत,
गाद्या तीन.

काडेपेटीच्या काडीला कापूस गुंडाळला.
गंजाचं औषध दुधासारखं असतं,
लागतं आणि बघता बघता निळंकाळं होतं.
अक्षरांच्या चरांतून ते नेलं, श्वास धरून,
जसा कधी बोरूही धरला नव्हता.
टिंब शेवटी.
सकाळी नाव उमटलं होतं, शाईने लिहिल्यासारखं.
त्यावर बिनरंगी लाखेचे दोन हात,
चौकोनाला टेप,
बाकी सगळा पांढरा, चौदा उन्हाळ्यांचा.

पावतीवर लिहिलं: गंजाचे डाग, एकवीस.
मग एक खोडून
वीस केले.