सूप निवतंय

मारिबोरला, द्रावा नदीच्या अलीकडे,
माझ्या तळघरात नऊ कॉम्प्युटर आहेत
आणि त्यांतल्या एकावरही विजेचं बिल भरता येत नाही.
बिल मी पोस्टात जाऊन भरते.

कारखान्यात एकवीस वर्षं डाख लावला
हिरव्या पाट्यांवर, भिंगाखाली.
कारखाना बुडाला, हात राहिले.
आता ते म्हातारे कपॅसिटर उपटतात.
फुटलेल्या कपॅसिटरला शिळ्या मासळीचा वास येतो,
चिपा वर्षानुवर्षं तसूभर तसूभर खोबणीबाहेर सरकतात,
अंगठ्यानं दाबल्या की कुरकुरत जागेवर बसतात.
पिवळी पडलेली खोकी
पेरॉक्साइड फासून मी जुलैच्या उन्हात मांडते.
शेजारीण विचारते, मार्येता, हे कसलं वाळवण?

सगळ्यांत लहान तो काळा, रबरी बटणांचा.
अठ्ठेचाळीस केबी.
आजचा एक फोटो त्यात मावणार नाही,
फोटोतलं नाक कदाचित मावेल.
चौऱ्याऐंशी साली पावला आत्यानं तो ग्राझहून आणला,
कोटाच्या आत, पोटाशी बांधून.
शेंतिल्यच्या नाक्यावर शिपायानं विचारलं, कितवा महिना?
आत्या अठ्ठावन्नची. खाली बघत म्हणाली,
सातवा.

प्रोग्रॅम दुकानात मिळत नसत.
रविवारी दुपारी रेडिओवर कुणी विद्यार्थी म्हणायचे,
करा रेकॉर्डर चालू,
आणि मग तीन मिनिटं
पत्र्यावर खिळा ओढल्यासारखी किंचाळी.
वायर नव्हती आमच्याकडे.
भावानं, स्रेच्कोनं, मायक्रोफोन रेडिओच्या तोंडाशी धरला,
घरादाराला दम भरला, कुणी श्वास घ्यायचा नाही.
दोन मिनिटं कुणी घेतलाही नाही.
मग स्वयंपाकघरातून आई:
स्रेच्को! सूप निवतंय!

तेव्हापासून तेच.
पडद्याच्या कडेला लाल-निळे पट्टे, मग निळे-पिवळे,
आणि नेमक्या त्या जागी, सूप आलं की,
यंत्र हात वर करतं. टेप वाचता येत नाही.
भाऊ आठवडाभर आईशी बोलला नाही.
आता तो पर्थला असतो.
फोनवर त्याच्यामागे सतत कुणीतरी गवत कापत असतं.
आई जाऊन सतरा वर्षं झाली.

वरच्या मजल्यावरचा त्याझ, वय चौदा,
स्क्रू धरायला येतो, बिस्किटं खातो.
म्हणाला, आवाज साफ करून देऊ? सोपं आहे.
लॅपटॉपवर त्यानं ती किंचाळी उभी-आडवी पसरली,
बोटानं दाखवलं,
हे वरचं म्हणजे प्रोग्रॅम, हे खालचं, मऊ, म्हणजे बाई.
बाई गाळली.
दोन ठिकाणी हातानं टाके घातले. चहा निवायच्या आत काम झालं.

लागला.
चाळीस वर्षांनी पहिल्यांदा पट्टे शेवटपर्यंत गेले.
पडदा पांढरा झाला, त्यावर काळी अक्षरं आली:
तुमचं नाव काय?
मी टाइप केलं. मार्येता.
मार्येता मार्येता मार्येता, वीस ओळी,
खाली: नमस्कार.
बस. एवढंच.
यासाठी भावानं आईशी अबोला धरला होता.
त्याझ इतका हसला की बिस्किट नाकात गेलं.

तो निघाला तेव्हा जिन्यापर्यंत जाऊन विचारलं,
जे गाळलंस, ते कुठे गेलं?
कचऱ्यात, म्हणाला. हवंय का?
मग परत बसला. चार सेकंदं निघाली.

रात्री ती चार सेकंदं कोऱ्या कॅसेटवर घेतली.
काळ्या डब्याला म्हटलं, वाच.
बटण दाबलं.
आई बोलली. पट्टे थोडे थरथरले,
जरासे, कुणी दार लोटल्यावर पडदा हलतो तसे.
चूक नाही दाखवली त्यानं.
चूक म्हणायलासुद्धा आधी काही सुरू व्हावं लागतं,
आणि त्याच्या लेखी अजून काही सुरूच झालेलं नव्हतं.

टेप संपली, बटण टक्‌कन वर आलं.
मी दिवा मालवला, वर येऊन झोपले.
तो खाली तसाच,
कान देऊन.