वाशाच्या अलीकडे

फेरीबोटीवर तिकिटं फाडतो मी,
म्हणजे माझी उंची दिवसातून दोनदा बदलते,
तीही समुद्र सांगेल तेवढी.
म्हणून असेल,
सुटीला सुटी जोडून दोन दिवस हाती आले
की खेडहून पहिली एसटी धरतो,
आणि डांबर संपतं तिथून चढायला लागतो.

निवारे मला पाठ आहेत.

गडावरचं देवीचं देऊळ:
पत्रे नवे, घंटा नाही, कुणीतरी नेली.
पुजारी मंगळवारीच येतो,
पण कोनाड्यात कागदाच्या पुडीत मीठ असतं
आणि देवीच्या पाठीमागे पालथी घातलेली कढई.
वापरली की राखेने घासायची, पुन्हा पालथी.
असं कुठे लिहिलेलं नाही.

वनखात्याची जुनी चौकी:
दार आहे, कडी नाही.
आत शिरण्याआधी काठी आपटायची,
असेल त्याला निघायला वेळ द्यायचा.
एकदा कुणीच निघालं नाही,
रात्रभर छपरात कुणीतरी कूस बदलत राहिलं.
सकाळी दोघेही लवकर उठलो.

टाक्याशेजारच्या गुहेबद्दल सांगणार नाही.
तिथे तीन माणसं मावतात,
आणि मी अजून एकटाच जातो.

भागू ढेबेच्या घराचं वेगळं.
माचीवरचं शेवटचं. कारवीचा कूड, वर गवत,
निम्म्यात म्हशी, निम्म्यात माणसं,
मध्ये एक आडवा वासा.
वाशाच्या अलीकडे पाहुणा.
पहिल्यांदा पोचलो तेव्हा काळोख पडला होता.
बाहेरून हाक दिली.
कोण, कुठला, काही नाही,
"जेवलाव काय?"

नाचणीची भाकरी, ताक, निखाऱ्यावर करपवलेली मिरची.
म्हशींच्या श्वासाची ऊब पाठीला लागत होती.
हात धुवायला बाहेर आलो, तर
मावळतीला, खूप खाली, दिव्यांची एक सैल ओळ.
बोटी आहेत, म्हटलं. मासे धरतात.
ती बराच वेळ बघत राहिली.
"मला वाटायचं वरात हाय.
पन रोज कुनाची?"

घाटावरचे बाजार तिने पायी केले होते,
डोक्यावर तुपाचा डबा घेऊन.
खालती मात्र कधी नाही.
"म्हशी कोन बघल?"

दुसऱ्या वर्षी जाताना एक तिकीट नेलं.
पैसे माझे भरले, हिशेब चोख.
एक माणूस, एक फेरी. तारीख घातली नाही.
तिने ते उलटं धरून पाहिलं, सुलटं धरून पाहिलं,
मग कुडाच्या दोन कारव्यांमध्ये खोचलं,
विळा खोचतात त्याच्या शेजारी.

यंदा पौषात गेलो.
हाक दिली. पुन्हा दिली.
दाराला तार गुंडाळलेली, पण पीळ सैल,
येणाऱ्याला सुटावा असा.
गवत एका अंगाला खचलेलं.
म्हशींची जागा कोरडी,
खुंट्यांना दाव्याचे घासलेले वळ.
चुलीशेजारी सुकी लाकडं रचलेली,
प्लॅस्टिकच्या पिशवीत काडेपेटी,
पिशवीला तीन गाठी.

विळा नव्हता.
तिकीटही नव्हतं.

उंदरांनी नेलं असेल.
मुलगा पुण्याकडे असतो म्हणाली होती,
त्याने नेलं असेल तिला.
खालच्या वाडीत विचारता आलं असतं.
उतरताना वाडीतूनच उतरलो,
एकाने पाणी दिलं, ते प्यायलो,
आणि विचारलं नाही.

रात्री वाशाच्या अलीकडेच झोपलो होतो.
पलीकडे इतकी जागा असून.
लाकडं जाळली तेवढी सकाळी गोळा करून ठेवली,
दवाने ओली होती, दुसरी मिळाली नाहीत.
तार होती तशी सैल गुंडाळली.

आता धक्क्यावर फळी पडली
की आधी गाड्या घेतात, मग माणसं.
मी माणसांकडे बघतो.
घाटावरची चाल लगेच कळते,
सपाटीवरही ती पाय उचलून टाकतात.
कुणी घडी पडलेलं, धुराचा वास येणारं,
बिनतारखेचं तिकीट पुढे केलंच
तर ते फाडायचं की नाही,
हे माझं अजून ठरलेलं नाही.