पाठभेद

मोठ्या पाकिटातून फिल्म निघते तेव्हा आवाज होतो,
उन्हात पत्रा तडकल्यासारखा.
परळ, दुसरा मजला. डॉक्टर घारपुरे ती दिव्याच्या पेटीवर खोचतात
आणि माझ्याकडे पाठ करून
माझी पाठ वाचतात.
व्रण आहे, म्हणतात.
ऑपरेशननंतर आत जखम भरते, तिचाच हा कोंब,
नसेला चिकटलाय. हात लावण्यात अर्थ नाही.
चाला. सवय करा.

मंगळवारी माहीम. डॉक्टर दारूवाला.
तीच फिल्म, चौथ्या-पाचव्या मणक्यामधला
तोच तांदळाएवढा राखाडी ठिपका.
व्रण कोण बोलला? गादी आहे ही.
तुकडा मागे राहिला, नाहीतर नवा सरकला.
पुन्हा उघडावं लागेल.
उघडावं, असं म्हणाले
जसं कुणी खिडकीबद्दल बोलावं.

मुलुंडचे तिसरे, तरुण, ठिपक्याकडे बघतही नाहीत.
त्यांचं बोट स्क्रूवर:
ही काळी कड दिसते? सैल झालाय.
कदाचित.
कदाचित जरा हळू म्हणाले,
फी पूर्ण घेतली.

मी ठाकूरद्वारच्या छापखान्यात एकतीस वर्षं
मुद्रितं तपासली. पंचांगं, लग्नपत्रिका,
पतपेढ्यांचे ताळेबंद,
एकदा एका महानुभाव मठाची अख्खी पोथी.
पाठ तिथेच गेली, त्या वाकड्या स्टुलावर.
एका ओळीचे तीन पाठ समोर आले तर काय करायचं
हे चुरीअण्णांनी शिकवलं होतं:
जुनी प्रत कुठली ते बघ,
नक्कल करणाऱ्याचा हात कुठे थकला ते बघ,
आणि जो पाठ सोपा वाटतो त्याच्यावर आधी संशय घे.
पण इथे तिन्ही अवघड.
आणि पोथी मीच.

रात्री रिपोर्ट घेऊन उभी राहिले
(बसवत नाही), फ्रिजवर कागद, हातात लाल पेन.
आठव्या ओळीत दबलेली नस डावी.
बाविसाव्या ओळीत, निष्कर्षात, उजवी.
गोल केला. समासात प्रश्नचिन्ह.
तीन डॉक्टरांच्या हाताखालून गेलेला कागद.
वहिनी म्हणाली, तुझं आपलं काहीतरीच, झोप आता.

सकाळी ग्रँट रोड, सेंटरचा काउंटर.
टायपिंग मिस्टेक आहे मॅडम, मुलगा म्हणाला,
दहा मिनिटं बसा.
उभी राहिले.
नवा कागद आला, प्रिंटरचा गरमपणा अजून त्याला.
आता दोन्ही ओळींत उजवी.
एकवाक्यता.

दुखतो तो डावा पाय.

हा, मी म्हटलं, हा पाय.
मुलगा काउंटरवरून वाकला
आणि त्याने पाहिलं. खरंच पाहिलं,
झिजलेली चप्पल, सुकत चाललेली पोटरी,
अंगठा, जो मी उचलते म्हणते आणि उचलला जात नाही.
आठ महिन्यांत खाली बघणारं हे पहिलंच माणूस.
घाबरला बिचारा. सरांना विचारतो, म्हणाला,
सर दुपारी येतात.

टॅक्सीत पाकिटाच्या कोपऱ्यावर लिहिलं,
हात हलत होता, तरी वळण बरं आलं,
जिथे अक्षर लागत नाही तिथे आम्ही लिहायचो तेच:
मूळ प्रत पाहावी.

मूळ प्रत मागच्या सीटवर,
उजव्या कुशीवर,
मेट्रोच्या खड्ड्यांतून माझगावकडे.