सात नंबरची बाई

दुपारचे चार. डंडीत जानेवारीचा उजेड संपला,
टे नदीवरचा पूल खिडकीतून हळूहळू वजा झाला.
मॅक्रो अजून चालतोच आहे.

लॉगमध्ये एकही लाल ओळ नाही.
असती तर बरं झालं असतं, थांबला तरी असता.
हा आपला निळ्या अक्षरांत, शांतपणे,
सात नंबरच्या बाईला पुन्हा पुन्हा आत बोलावतोय:
वय अडुसष्ट, वजन एकसष्ट पूर्णांक चार,
तिसऱ्या भेटीचा रक्तदाब रिकामा.
पाच भेटी झाल्या की परत पहिली.
एव्हाना चाळीस हजार वेळा
तिचा दंड पट्ट्याने आवळून झाला असेल.

दोन ते सहा बाहेर बसून आहेत.
त्यांना कुणी पुकारलंच नाही.
आठ ते बारांनी तर अंगातले कोटही काढले नसतील.

मी मॅक्रो मारला. चहा केला, विसरले.
मग प्रत्येक वळणावर एकेक पुट ठेवत गेले,
अंधारात पायरी चाचपावी तशी.
आय किती? एक.
आत गेल्यावर? एक, दोन, तीन, चार, पाच.
आणि बाहेर येताना?
सहा.

आतला मॅक्रो यूअनचा, दोन हजार अकरा सालचा.
माथ्यावर त्याची टीप: चालतंय. हात लावू नका.
यूअन आता आर्ब्रोथला होड्या रंगवतो.
मोजायला त्यानेही आय घेतला, मीही आय घेतला,
दोघांनी एकाच पाटीवर लिहिलं,
शेवटी लिहील त्याचं खरं.
सहात एक मिळवला की सात. दर वेळी सातच.

माझ्या भावाला आजोबांचं नाव ठेवलं होतं, त्र्यंबक.
सासऱ्यांचं नाव तोंडाने कसं घ्यायचं,
म्हणून आई त्याला घरात बापू म्हणायची.
रागवायची, धपाटे घालायची, ते बापूला.
थोरले त्र्यंबक खुर्चीत पेपर वाचत असायचे.
त्यांना कधी काही लागलं नाही.

यूअनच्या मॅक्रोत वर एक ओळ घातली: लोकल आय.
त्याची टीप तशीच राहू दिली.
खाली तारीख टाकून लिहिलं: लावला.

एक. मग दोन!
दोन नंबरचा माणूस, ब्याण्णव किलो, आला आत.
सात नंबरची बाई पाच भेटींत मोकळी झाली.
तिसरा रक्तदाब
अजून रिकामाच.