मुळासकट

कम्ब्रियात नोव्हेंबरचा अंधार चारलाच पडतो.
गुरुवारी सातला, गावच्या हॉलमध्ये
मिस बर्कट फळ्यावर शब्द उपटतात,
तण उपटावं तसे, मुळासकट,
माती झटकत.

आम्ही नऊजण. हीटरजवळची खुर्ची
पोस्टातल्या ऑलिव्हची, ठरलेली.
मी मागे. बुटांना मेंढ्यांचा वास येतो म्हणून.

आज आनंदाचे शब्द घेऊ, त्या म्हणाल्या,
आणि भिंतीवरचं घड्याळ
एकाएकी मला मोठ्यानं ऐकू यायला लागलं.

एक्झल्ट म्हणजे उडी मारून बाहेर पडणं.
पाहिलंय. एप्रिलमध्ये, चार दिवसांचं कोकरू,
चारी पाय वर, काही कारण नसताना.
ज्युबिलंट म्हणजे रानातल्या माणसाची आरोळी,
शहरातल्या नव्हे. "टायसन, हे तुमचं."
मी नुसती मान हलवली.
डिलाइटमधला लाइट खोटा,
उजेडाचा त्याच्याशी संबंध नाही,
कुणीतरी मागाहून चिकटवलाय.
खरा अर्थ, भुलवून वाटेवरून बाजूला नेणं.
"मग बरोबरच आहे," ऑलिव्ह म्हणाली,
आणि पुढे काही बोलली नाही.

मग त्यांनी लिहिलं: लाएतुस.
आनंदी. पण त्याही आधी
तरारलेलं, माजलेलं शेत.
त्यावरून मुलींचं एक नाव, लेटिशा.
आणि त्यावरूनच, जुन्या शेतकऱ्यांच्या तोंडी,
जमिनीला खूश करणारं ते.
शेणखत.

खडू थांबला. त्यांना आठवलं असावं.
ऑलिव्हनं पर्सची चेन उघडली, लावली.

लेटी,
सव्वीस वर्षं तू माझ्याबरोबर खत ओढलंस
दगडी बांधांच्या आत, नाकाला रुमाल न लावता,
आणि बापाला नावं ठेवत राहिलीस
की शेणात हात घालणाऱ्या पोरीला
असलं चर्चमधलं नाव ठेवलंच कशाला.

मी हसलो.
फेब्रुवारीपासून बंद असलेलं दार
खांद्यानं ढकलावं, तसा आवाज आला.
कुणीतरी दचकलं.
मग मिस बर्कटही हसल्या,
खडूचा हात तोंडावर धरून, मिशी उमटेपर्यंत.

परतताना वरच्या शेताशी गाडी थांबवली.
खताचा ढीग अजून वाफाळत होता.
फाटकावरून वाकून
सांगितलं तिला सगळं, मोठ्यानं,
रानातल्या माणसासारखं.