खुंट्यांचा हिशेब

सूरच्या गोदीत माझं काम मोजायचं.
सागाच्या फळ्या, काथ्याची बिंडाळी, मुशीच्या तेलाचे डबे,
आणि खुंट्या : वीतभर, टणक, लाकडाच्या गाभ्यातल्या,
गलबताच्या बरगडीत ठोकायच्या.
संध्याकाळी वहीत आकडा. त्याखाली माझी सही.

एका शुक्रवारी मस्कतच्या हॉटेलातला वाजंत्री आला,
गलबतांचे फोटो काढायला. नाव ओस्मानी.
सुवेलमचाचा खूश : आपल्यातलाच दिसतोय!
तो म्हणाला, मी हवानाचा,
आजीला नाव आवडलं, इतकंच.
आणि खुंट्यांच्या पेटीपाशी थबकला,
परक्या बाजारात
आपल्या गावची कोयती दिसावी तसा.

दोन उचलल्या. एक तळहाताच्या वाटीवर आडवी ठेवली,
दुसरीनं तिच्यावर :

टक् . . टक् . . टक्
. . . टक् . टक् . . .

मी सवयीनं बोटांवर धरलं.
सोळा मात्रा. वाजल्या पाच.
विचारलं, अकरा कुठे गेल्या?
त्यानं कंबर जराशी हलवली :
इथे.

मग अर्धं इंग्रजीत, अर्धं हातांनी सांगत बसला.
त्यांच्याही गोदीत अशाच खुंट्या,
ठोकणारे हात काँगोकडचे, कालाबारकडचे, विकत आणलेले.
ढोल जप्त झाले, तेव्हा खारवलेल्या मासळीचे खोके वाजले.
खोके कोण जप्त करणार? माल त्यातूनच यायचा.
गिटार मालकाच्या दिवाणखान्यात होती,
एका रात्री मागच्या दारानं बाहेर आली
आणि परत गेलीच नाही.
आता सगळी दुनिया त्यावर नाचते, तो म्हणाला,
माझ्या हॉटेलातले बँकवालेसुद्धा,
बिचारे, सगळे पहिल्या मात्रेवर पाय आपटत.

सुवेलमचाचा इतका वेळ गप्प.
मग म्हणाले, माझा आजा याच बंदरात उतरला.
अशाच गलबतातून.
उतरवला, म्हणाले, उतरला नव्हे.
आणि तेलाचा रिकामा डबा पालथा घालून
लेवाची चाल धरली,
जी ते लग्नाच्या रात्री वाळूवर गोल फिरत धरतात,
जिच्यातले निम्मे शब्द
आता त्यांनाही कळत नाहीत.

आधी जुळेना. एकाचं पाऊल चारचं,
दुसऱ्याचं सहाचं,
दोघे दोन वाटांनी निघालेले, चिडलेले, हसणारे.
मग कुठेतरी बारावर भेट झाली.
भेट झाल्याचं मला आधी कळलं,
मला हिशेब येतो म्हणून.
बाकीच्यांना गुडघ्यांतून कळलं.
रंधा थांबवून हमीद सुतार नाचला,
त्याच्या दाढीतला भुसा उडताना मी पाहिला.

मी राजपुरीचा. खाडीपलीकडे जंजिरा.
शाळेच्या पुस्तकात सिद्दी म्हणजे
तट, तोफ आणि न मिळालेला किल्ला.
आमच्या मागच्या आळीत खतीजाबी राहायच्या,
पोराच्या बारशाला परात पालथी घालून वाजवायच्या,
मधेच हात उचलून धरायच्या, वाजवायच्या नाहीत,
आणि सगळ्या बायका त्या उचललेल्या हातावर डुलायच्या.
आम्ही खिडकी लावून घ्यायचो. काय तो गोंगाट!
किती मात्रा होत्या, कोण जाणे.
त्या वेळी मोजल्या नाहीत.

ओस्मानी गेला. खुंट्या त्याच्या खिशात.
मी पाहिलं, बोललो नाही.
दुसऱ्या दिवशी मुकादम वहीवर बोट ठेवून :
दोन कमी कशा?
म्हटलं, लागल्या कामाला.
कुठल्या गलबतात?

ते मला सांगता आलं नाही.
कारणाचा रकाना
अजून कोरा आहे. त्याच्यावरून रोज नजर जाते
आणि बोटं टेबलावर चालू लागतात,
पाच वाजवतात,
अकरा सोडून देतात.